व्यायाम सुरू केल्यावर वजन का वाढले?

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून सांगलीत शिक्षिका आहे. महिन्यापूर्वी माझे वजन ६८ किलो होते. ते कमी व्हावे म्हणून मी आठवड्यातून तीन दिवस जिममध्ये डंबेलचे व्यायाम आणि तीन दिवस चाळीस मिनिटे भरभर चालणे सुरू केले. पहिल्या दोन आठवड्यांतच वजन ६९.८ किलो झाले आणि त्यानंतरचे दोन आठवडे ते तेथेच थांबले आहे. कपडे घट्ट झालेले नाहीत. अशक्तपणा येऊ नये म्हणून सासूबाई व्यायामानंतर मला आग्रहाने मोठा पेला दूध, दोन केळी आणि चार खजूर देतात. बाकीचा आहार पूर्वीचाच आहे. ट्रेनर म्हणतात की चरबीचे स्नायू होत आहेत. मला कोणताही आजार नाही, औषधे चालू नाहीत आणि पाळी नियमित आहे. मी व्यायाम थांबवावा का? की रात्रीचे जेवण बंद करावे?

उत्तर : यांपैकी काहीही करू नका. तुमच्या वजनात आलेली वाढ बहुतांशी पाण्याची आहे आणि हे तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच ताडून पाहता येते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. दोन आठवड्यांत १.८ किलो निव्वळ चरबी वाढण्यासाठी तुम्हाला रोज गरजेपेक्षा जवळजवळ एक हजार किलोकॅलरी अधिक, म्हणजे पोटभर जेवून वर आणखी पाच-सहा ज्वारीच्या भाकऱ्या खाव्या लागल्या असत्या. तसे झालेले नाही. शिवाय चरबी वाढत असती, तर तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात काटा असा स्थिर राहिला नसता.

हे पाणी शरीरात साचण्यामागे एकापेक्षा अधिक कारणे असतात. स्नायू आपले इंधन ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात आणि नियमित श्रमाची सवय लागली की ही साठवण ते वाढवतात. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते, त्यामुळे शंभर-दीडशे ग्रॅम ग्लायकोजेन जास्त साठले तरी काट्यावर अर्ध्या किलोच्या आसपास फरक दिसतो. दुसरे असे की, सवय नसलेल्या वजनांच्या व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, तिची दुरुस्ती चालू असताना तेथे थोडा दाह होतो आणि द्रव साचतो. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि दंड ठणकतात, ते याच प्रक्रियेचा भाग म्हणून. चालण्यासारख्या दमसासाच्या व्यायामाने रक्तातील द्रवभागही पहिल्या एक-दोन आठवड्यांत वाढतो, आणि ही वाढ हिताची असते, कारण तिच्यामुळे हृदयाचे काम हलके होते व घाम येऊन शरीर थंड राखणे सोपे जाते. पाळीपूर्वीच्या आठवड्यात अनेक स्त्रियांचे वजन अर्धा ते एक किलो, क्वचित त्याहून अधिक वाढते, तेव्हा तुमची मोजणी कोणत्या दिवसांत झाली होती हेही आठवून पाहावे.

ट्रेनरनी तुम्हाला धीर दिला हे चांगले केले, परंतु चरबीचे स्नायू होत नाहीत. या दोन वेगळ्या ऊती आहेत. एक कमी होऊ शकते आणि दुसरी वाढू शकते, मात्र एकीचे रूपांतर दुसरीत होत नाही. शिवाय स्नायू फार संथपणे वाढतात आणि दोन आठवड्यांत जवळजवळ दोन किलो स्नायू कोणाच्याही अंगावर चढत नाहीत. पहिल्या महिन्यात ताकद वाढल्याचे जाणवते, तेही मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंचा वापर अधिक चांगल्या रीतीने करू लागल्यामुळे.

मला खरी काळजी वाटते ती सासूबाईंनी प्रेमाने दिलेल्या त्या पेल्याची. दूध म्हशीचे असेल तर अडीचशे मिलिलिटरमध्ये सुमारे अडीचशे किलोकॅलरी होतात, दोन केळ्यांच्या साधारण दोनशे आणि खजुरांच्या ऐंशी-नव्वद. एकूण पाचशेच्या पुढे. तुमच्या वजनाच्या व्यक्तीचे चाळीस मिनिटांच्या भरभर चालण्यात दीडशे ते दोनशे किलोकॅलरी खर्च होतात, आणि तेवढ्याच वेळाच्या डंबेलच्या व्यायामातही त्याहून फारसे जास्त नाहीत. बाकीचा आहार खरोखरच तसाच असेल, तर रोज तीनशेच्या आसपास शिल्लक राहते आणि तिच्यातून महिन्याकाठी किलोभर चरबी साठू शकते. आजवरच्या वाढीत तिचा थोडा वाटा असेलही. पुढच्या महिन्यांत तो वाढत जाईल. चाळीस मिनिटांच्या व्यायामाने अशक्तपणा येत नाही आणि त्यासाठी वेगळ्या खुराकाची गरज नसते. सासूबाईंना वाईट वाटू नये असे वाटत असेल, तर दूध आणि एक केळे हाच सकाळचा नाश्ता समजावा, म्हणजे नाश्त्याच्या जोडीला तो वेगळा घेतला जाणार नाही.

रात्रीचे जेवण सोडल्यास दुसऱ्या दिवशी काटा खाली येईल, परंतु ती घट आतड्यांतील अन्नाची, ग्लायकोजेनची आणि पाण्याची असेल आणि पुन्हा जेवताच भरून निघेल. स्नायूंच्या दुरुस्तीसाठी प्रथिनांची गरज असताना ती कमी पडतील, हे नुकसान वेगळेच. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी भारतीय शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे, म्हणजे तुमच्यासाठी सुमारे ५६ ग्रॅम, आणि भाजी-भाकरीबरोबर घट्ट वरण, उसळ, दही किंवा अंडी दोन्ही वेळच्या जेवणात असल्याखेरीज तेवढी सहसा पोटात जात नाहीत. लघवी वाढवून पाणी काढणाऱ्या गोळ्या कोणी सुचवल्या तर त्या मुळीच घेऊ नयेत.

वजन सकाळी, शौचास जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी आणि एकाच काट्यावर करावे, आणि एखाद्या दिवसाच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी पाहावी. त्याहून उपयोगी आहे ती शिंप्याची मोजपट्टी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून घेर मोजावा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही जोखमीची मर्यादा मानली जाते. कपडे घट्ट झालेले नाहीत हे तुम्ही लिहिले आहे आणि माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातील सर्वांत आश्वासक वाक्य तेच आहे.

आणखी सहा-आठ आठवडे व्यायाम आणि आहार नीट सांभाळूनही घेर व वजन वाढतच राहिले, किंवा थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे, केस गळणे, पाळीत जास्त रक्तस्राव अशी लक्षणे दिसली, तर थायरॉइडसाठी टीएसएच ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी. थायरॉइडची कमतरता व्यायामामुळे येत नाही, परंतु या वयात ती योगायोगाने त्याच सुमारास सुरू झालेली असू शकते. दोन-तीन दिवसांतच दोन किलो वजन वाढून घोट्यांना सूज आली, आडवे झाल्यावर धाप लागू लागली, किंवा जास्त व्यायामानंतर स्नायू असह्य दुखून लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र हृदय, मूत्रपिंड किंवा स्नायूंच्या गंभीर विकाराची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.