डबी घालायची, बटण दाबायचं. त्यासाठी पदवी कशाला?

कुडाळजवळच्या एका प्राथमिक शिक्षकांचं पत्र आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, नीटमध्ये गुण फारच कमी पडले. गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावाला महिनाभर खोकला होता आणि संध्याकाळचा ताप यायचा. अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊनही फरक पडला नाही. शेवटी सरकारी रुग्णालयातल्या मशीनवर बेडका तपासायला दिला आणि दुसऱ्याच दिवशी निदान हातात आलं: टीबी आहे, पण नेहमीची औषधं लागू पडतील. काकांबरोबर मुलगीच जात असे. आता ती म्हणते, "मला त्या मशीनवर काम करायचंय." वडिलांचे प्रश्न तीन आहेत. "डबी घालायची आणि बटण दाबायचं, त्यात करिअर काय? टीबीच्या लॅबमध्ये पोरीला पाठवावं का? आणि दोन वर्षांचं डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका, करून नोकरीला लावावं, की बीएस्सी?"

नमस्कार गुरुजी,

बटणाबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. ते बटण दाबायला शिकवायला एक आठवडा पुरतो. कॅलिफोर्नियातल्या सेफिड कंपनीचं जीनएक्स्पर्ट, ज्याला आपल्याकडे सीबीनॅट म्हणतात, ते बनवलंच आहे तसं. जंतू फोडणं, डीएनए काढणं, त्याच्या कोट्यवधी प्रती करणं, हे सगळं बेडका घातलेल्या त्या बंद डबीच्या, म्हणजे कार्ट्रिजच्या, आत होतं आणि दोन तासांत उत्तर पडद्यावर येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०१० मध्ये त्याला मान्यता दिली. त्याआधी औषध लागू पडेल की नाही हे कळायला बहुतेक ठिकाणी कल्चर लावून, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून, आठवडेच्या आठवडे थांबावं लागे, आणि तोवर रुग्ण घरात खोकत असे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात साधारण १०,००० जंतू असावे लागतात. या मशीनला शंभर-सव्वाशे पुरतात.

पण डबीत जे जातं ते माणूस ठरवतो. बेडक्याऐवजी लाळ आली, तर जगातलं सर्वांत महागडं मशीनही "टीबी नाही" असंच सांगणार. रुग्णाला पाणी देऊन, मोकळ्या हवेत उभं करून, खोल श्वास घेऊन छातीतून खाकरायला शिकवणं हे तंत्रज्ञाचं पहिलं काम, आणि तेच सर्वांत जास्त टाळलं जातं. बेडक्याच्या दुप्पट रसायन घालायचं, हलवायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं. घाई झाली की बेडका नीट पातळ होत नाही आणि मशीन "एरर" दाखवतं. मग रुग्णाला परत बोलवा. म्हणजे त्याची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं. तो येतोच असं नाही.

उत्तर आल्यानंतरचं काम त्याहून अवघड. रिफाम्पिसिन या टीबीवरच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हे पाहायला मशीन त्याच्या आरपीओबी नावाच्या जनुकातला डीएनएच्या फक्त ८१ अक्षरांचा तुकडा वाचतं. या औषधाला पुरून उरणारे बहुतेक बदल तिथेच सापडतात, म्हणून ही युक्ती चालते. पण इस्वाटिनी, म्हणजे पूर्वीचं स्वाझीलँड, या देशात औषधाला न जुमानणाऱ्या बऱ्याच जंतूंमधला बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर निघाला. मशीन म्हणत राहिलं, "औषध लागू पडेल." उलटंही होतं. अक्षर बदलतं, पण त्यानं बनणारं प्रथिन तेच राहतं. तरी मशीन "औषध लागू पडणार नाही" म्हणून घाबरवतं. आयसोनियाझिड या टीबीवरच्या दुसऱ्या मुख्य औषधाचा प्रश्न तर या साध्या डबीत विचारलेलाच नसतो. त्यासाठी लाइन प्रोब ॲसे ही पट्टीवरची जनुकीय चाचणी किंवा दुसरी डबी लागते. अशा वेळी कल्चर लावायचं की सिक्वेन्सिंगला, म्हणजे जनुकांची अक्षरं सलग वाचायला, पाठवायचं, आणि डॉक्टरांना फोनवर काय सांगायचं, हे कळणारी माणसं लागतात. गुरुजी, करिअर आहे ते इथे.

न्यूमोनियाच्या जंतूंसाठीही आता एकाच नमुन्यातून अनेक जंतू शोधणारी पॅनेल मोठ्या रुग्णालयांत आली आहेत. तिथे डोकेदुखी निराळी. घशात नुसता राहायला आलेला जंतूही सापडतो, आणि आजार त्याच्यामुळे आहे की नाही हे यंत्र सांगत नाही.

आता भीतीबद्दल. टीबी हवेतून पसरतो, म्हणून तुमची काळजी रास्त आहे. नमुन्यात घालायचं ते रसायन बहुतेक जंतू मारतं, त्यामुळे या चाचणीचा धोका साध्या स्लाइडच्या कामाइतकाच, म्हणजे कमी, धरला जातो. जिवंत जंतू वाढवणाऱ्या कल्चर लॅबची गोष्ट वेगळी. तिथे बंदिस्त खोली, बायोसेफ्टी कॅबिनेट (हवा गाळणारं कामाचं कपाट), एन-९५ मास्क हवेतच. मुलगी नोकरीला लागेल तेव्हा पगाराआधी हे विचारायचं: कॅबिनेट आहे का, आणि शेवटची तपासणी कधी झाली? उत्तर द्यायला कुणी चाचरलं, तर ती नोकरी सोडलेली बरी.

डीएमएलटी की बीएस्सी? तुमची घाई मला समजते, पण मी नुसत्या डीएमएलटीच्या विरुद्ध आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं प्रयोगशाळा तंत्रज्ञांसकट सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणला. वारं पदवीच्या बाजूनं वाहतंय. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. (पॅरामेडिकल पदवी) लॅबोरेटरीचा अभ्यासक्रम पाहा. रुग्णालयात हात घालून शिकायची आवड असेल, तर तो. "असं का होतं" हे विचारण्याची खोड असेल, तर बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, मग एमएस्सी. आणि बीएस्सीनंतर एक वर्षाचं डीएमएलटी करता येतं, तेव्हा दार बंद होत नाही. काकांच्या रिपोर्टवरून ती मशीनपर्यंत पोचली, म्हणजे खोड असावी असा माझा अंदाज. प्रवेशाची माहितीपुस्तिका मात्र यंदाचीच वाचा, शेजारच्या मुलाच्या अनुभवावर जाऊ नका.

एक सावधगिरी. माझ्या भाच्यानं एका खासगी संस्थेत तीन महिन्यांचा "ॲडव्हान्स्ड मॉलिक्युलर" कोर्स केला. प्रमाणपत्र चकचकीत, पण डीएनएच्या प्रती करणाऱ्या पीसीआर मशीनला हात लावायला मिळाला एकदाच, तोही फोटोपुरता. पैसे भरण्याआधी विचारा: माझ्या हातानं किती नमुने लावायला मिळतील?

सरकारी टीबी कार्यक्रमातल्या लॅबच्या जागा बऱ्याचशा कंत्राटी असतात, करार अकरा-अकरा महिन्यांचे. सुरुवातीचा पगार तुमच्या पगाराशेजारी ठेवून पाहू नका, मन खट्टू होईल. पण किट बनवणाऱ्या कंपन्याही आहेत, आणि त्यातली एक तर तुमच्या अंगणाबाहेर आहे. ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं भारतीय यंत्र मोलबायो कंपनीचं. संशोधन बंगळुरूच्या बिगटेकमध्ये झालं, आणि कंपनी गोव्यात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. सीबीनॅटला सलग वीज आणि थंड खोली लागते. वीज गेली की लॅब हातावर हात धरून बसते. ट्रूनॅट तालुक्याच्या दवाखान्यात चालावं म्हणूनच घडवलं, आणि २०२० मध्ये त्यालाही जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. अशा ठिकाणी गुणवत्ता तपासणारे, चाचणीची नवी चिप जुळवणारे, दवाखान्यांत जाऊन तंत्रज्ञांना शिकवणारे, असे लोक लागतात, आणि तिथे मायक्रोबायोलॉजीचा पाया कामी येतो. संशोधनाकडे वळली, तर चेन्नईची क्षयरोग संशोधन संस्था आणि कुष्ठरोग व तत्सम जंतूंवर काम करणारी आग्र्याची जालमा संस्था आहेत. सिक्वेन्सिंगमुळे संगणकावर जनुकं वाचणाऱ्यांचीही गरज वाढते आहे, त्यामुळे बारावीचं गणित तिनं विसरू नये.

फॉर्म भरण्याआधी एक करा. तिला त्याच रुग्णालयात, त्याच तंत्रज्ञांकडे पाठवा, गर्दी ओसरल्यावर, दुपारी. सहा महिन्यांची औषधं संपल्यावर काकांचा बेडका मशीनवर न लावता जुन्या पद्धतीनं स्लाइडवर का तपासला, हे विचारू दे. मेलेल्या जंतूंचाही डीएनए मशीनला सापडतो, त्यामुळे बऱ्या झालेल्या माणसालाही ते "टीबी आहे" म्हणू शकतं, असं उत्तर येईल. घरी आल्यावर ती नुसतं हे उत्तर सांगते, की त्यावर पुढचा प्रश्न विचारते, ते बघा आणि मला कळवा.