ओलावा उपग्रहाला दिसतो, तर गणित कशाला?

प्रश्न : जमिनीतील ओलावा आता उपग्रहच मोजतात. मग संगणकावरील भूपृष्ठ मॉडेलची गरज काय? दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर खरे कोणाचे मानावे?

उत्तर : ‘नासा’ने जानेवारी 2015 मध्ये सोडलेल्या ‘स्मॅप’ उपग्रहाचेच उदाहरण घेऊ. जमिनीतून आपोआप बाहेर पडणाऱ्या, सुमारे 21 सेंटिमीटर तरंगलांबीच्या सूक्ष्मलहरी तो टिपतो. त्याच तापमानाची कोरडी जमीन त्या अधिक सोडते, ओली कमी. या फरकावरून ओलावा काढता येतो. मात्र ही नजर वरच्या साधारण 5 सेंटिमीटरपर्यंतच पोहोचते, एका मापात सुमारे 40 किलोमीटरचा पट्टा एकत्र येतो, आणि दाट जंगलाखालचे तर धड कळतच नाही. पिकाची मुळे त्याहून खोल असतात. पाऊस, ऊन, वारा व मातीचा प्रकार यांवरून खालच्या थरांतील पाण्याचा हिशेब मांडणे, हे मॉडेलचे काम.

आकडे जुळले नाहीत, तर कोणालाच पूर्ण खरे मानत नाहीत. दोघांच्या संभाव्य चुकीचा अंदाज घेऊन, ज्याची चूक कमी त्याच्याकडे उत्तर अधिक झुकवले जाते. ‘स्मॅप’ची निरीक्षणे अशा रीतीने मॉडेलमध्ये मिसळून वरच्या 1 मीटरमधील ओलावा 9 किलोमीटरच्या जाळीवर, दर 3 तासांसाठी दिला जातो.

खरी मेख पुढेच आहे. पंजाब-हरियाणात गव्हाला पाणी दिल्यावर रान भिजते. पण पावसाखेरीज पाणी येऊ शकते, हे अनेक मॉडेलना ठाऊकच नसते, त्यामुळे त्यांच्या हिशेबी ते रान कोरडे असते. त्यातच, मिसळण्यापूर्वी उपग्रहाच्या आकड्यांची दीर्घकालीन सरासरी आणि चढउतार मॉडेलशी जुळवून घेण्याचा प्रघात आहे. या सफाईत सिंचनाची खूण बरीचशी पुसली जाते. म्हणजे बरोबर सांगणाऱ्यालाच दुरुस्त केले जाते! माझ्या मते अशा प्रदेशात आकड्यांवर संस्कार करण्याआधी मॉडेलमध्ये सिंचन घालावे.

मॉडेललाही कमी लेखू नये. गुरुत्वाकर्षणातील बदल मोजणाऱ्या ‘ग्रेस’ उपग्रहांना पाण्याच्या केवळ एकूण वजनातील बदल कळत असे. त्यातून मॉडेलने काढलेला मातीतील ओलावा वजा केला, तेव्हाच राजस्थान, पंजाब व हरियाणात 2002 ते 2008 या काळात सुमारे 109 घन किलोमीटर भूजल घटल्याचा निष्कर्ष 2009 मध्ये मांडता आला.