उपवनला पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी

ठाण्यातल्या उपवन तलावावरच्या फेस्टिव्हलला जातोयस ना? मग गाडी घरीच ठेव. ठाणे स्टेशनहून बस किंवा रिक्षा पकड आणि उजेड असतानाच तलावाकाठी पोच. सातनंतर नुसत्या पाठी दिसतात.

मोठ्या स्टेजच्या नादी लागू नकोस, तो आवाज लांबूनही येतो. खरी मजा वाटेवरच्या कलाकारांत. गोंधळी दिसला तर संबळ वाजवणाऱ्याच्या हातांकडे बघ. एकमेकांना जोडलेली दोन वाद्यं, दोन काड्या, त्यातल्या एकीचं टोक वाकडं. पाच मिनिटं तिथेच थांब, मोबाइल खिशात. पोतराजाचा आसूड फिरत असेल तर मात्र चार पावलं मागे. मी एकदा पुढे उभा होतो, चष्मा थोडक्यात वाचला. वासुदेव खरा पहाटेचा, इथे तो संध्याकाळी भेटतो. मोरपिसांच्या टोपीसाठी ते माफ.

दहा-वीसच्या नोटा जवळ ठेव. ताट फिरायला लागलं की हळूच सटकणारे पुष्कळ असतात, त्यांच्यात तू नको. फोटो काढायचा तर आधी विचार, आणि खेळ चालू असताना फ्लॅश अजिबात नाही.

परतताना गेटवर रिक्षा मिळत नाही. थोडं चालत पुढे ये.