एमएसचे नवे गट : निदान कशावर आणि संशोधन कशावर?

प्रश्न : माझ्या २९ वर्षांच्या मुलीला एका डोळ्याने अंधूक दिसू लागले आणि पुढील तपासण्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस (मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणाला इजा करणारा आजार), असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी तो ‘रिलॅप्सिंग-रेमिटिंग’, म्हणजे लक्षणांचे झटके येऊन ओसरणारा, प्रकार असल्याचे लिहून दिले आहे. मात्र संगणकाने एमआरआयवरून या आजाराचे तीन वेगळेच प्रकार शोधल्याचे माझ्या वाचनात आले. तिचा एमआरआय त्या पद्धतीने तपासून घ्यावा का?

उत्तर : तशी गरज नाही, आणि तो तपासला नाही म्हणून तिचे निदान अपुरे राहिले असेही समजू नये.

डॉक्टरांनी लिहिलेला प्रकार १९९६ साली ल्युब्लिन आणि रेनगोल्ड या संशोधकांनी मांडलेल्या वर्गीकरणातून आला आहे. त्यांनी या आजाराच्या तज्ज्ञांची मते मागवून ते तयार केले आणि २०१३ मध्ये त्यात सुधारणा झाली. लक्षणांचे झटके येऊन ओसरतात की दुर्बलता सतत वाढत जाते, यावर ते आधारलेले असल्यामुळे मेंदूच्या आत नेमके काय घडते आहे हे त्यातून कळत नाही, ही संशोधकांची तक्रार रास्तच आहे. समूह-विश्लेषणाकडे ते वळले ते याच कारणाने. या पद्धतीत प्रकारांची नावे आधी न ठरवता, ज्या रुग्णांची मोजमापे एकमेकांशी जुळतात त्यांना संगणक एकत्र आणतो.

मात्र येथे एक मोठी अडचण आहे. पेटीतले आंबे केवळ रंगावरून वेगळे केले, तर हिरव्या आणि पिवळ्यांचे दोन ढीग होतील, पण दोन्हींत हापूसच असेल. त्याचप्रमाणे साधे समूह-विश्लेषण आजाराच्या सुरुवातीचे रुग्ण एका गटात आणि जुने रुग्ण दुसऱ्या गटात टाकते, आणि आपण त्यांनाच दोन ‘प्रकार’ समजून बसतो. आपण वाचलेला अभ्यास बहुधा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या नेतृत्वाखाली झालेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला असावा. त्याचे महत्त्व मला वाटते ते याच ठिकाणी, कारण त्यात वापरलेली ‘सस्टेन’ ही पद्धत प्रकार आणि टप्पा या दोहोंचा अंदाज एकाच वेळी पण वेगवेगळा करते. ६,३२२ रुग्णांच्या एमआरआयवरून तिने तीन क्रम ओळखले. पहिल्यात मेंदूचे बाह्य आवरण, म्हणजे कॉर्टेक्स, आधी झिजते. दुसऱ्यात वरकरणी निरोगी दिसणाऱ्या श्वेतद्रव्यात, म्हणजे मेंदूच्या आतील तंतूंच्या भागात, आधी बदल होतात. आणि तिसऱ्यात सुरुवातीपासूनच व्रण, म्हणजे आजाराने इजा झालेल्या जागा, मोठ्या प्रमाणावर साचतात. पुढे ३,०६८ वेगळ्या रुग्णांवर हे गट पडताळून पाहिले गेले. त्यांत व्रणप्रधान गटात दुर्बलता वाढण्याचा धोका आणि झटक्यांचे प्रमाण सर्वाधिक आढळले.

तरीही ‘मुलगी कोणत्या गटात आहे’ याचे उत्तर संभाव्यतेच्या भाषेतच मिळते. शिवाय यातील बरीचशी माहिती औषधचाचण्यांतील निवडक रुग्णांची आहे, आणि त्या गटावरून एखाद्या व्यक्तीचे औषध ठरवावे असा प्रघात अद्याप नाही.

निदानाचा मार्ग वेगळा आहे. २००१ साली प्रथम मांडलेले आणि त्यानंतर अनेकदा सुधारलेले मॅकडोनाल्ड निकष त्यासाठी वापरले जातात. लक्षणे, एमआरआयमधील व्रणांच्या जागा, पाठीच्या कण्यातील पाण्याचा अहवाल आणि दुसरा कोणताही आजार नसल्याची खात्री यांचा त्यांत मेळ घातला जातो. वरील विश्लेषणात घेतलेल्या रुग्णांचे एमएसचे निदान आधीच झालेले होते. त्यामुळे एमएस आहे की नाही, हे ते विश्लेषण सांगूच शकत नाही.

डॉक्टरांना एक गोष्ट मात्र अवश्य विचारावी : अक्वापोरिन-४ प्रतिपिंडांची (शरीराच्या स्वतःच्याच एका प्रथिनावर हल्ला करणाऱ्या घटकांची) रक्ततपासणी झाली आहे का, किंवा तिची आवश्यकता आहे का? डोळ्याच्या नसेला सूज न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजारातही येते. पूर्वी तो पुष्कळदा एमएसमध्येच मोजला जाई, आणि एमएसच्या काही औषधांनी तो बळावू शकतो. २००४ मध्ये या आजाराशी निगडित प्रतिपिंडाचा शोध लागला आणि हे दोन आजार निश्चितपणे वेगळे ओळखता येऊ लागले. ते काम कोणत्याही गणिती गटवारीने केलेले नाही, हे मला लक्षणीय वाटते.

प्रश्न : मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी असून प्रकल्पासाठी एमएसच्या १४० रुग्णांची माहिती वापरते आहे. के-मीन्स या, आधी ठरवलेल्या संख्येइतके गट पाडणाऱ्या, पद्धतीने तीन गट मिळाले. म्हणजे तीन प्रकार आहेत, असे लिहावे का?

उत्तर : लिहू नये. के-मीन्सकडे तीन गट मागितले की तीनच मिळतात, मग माहितीत एकही खरा गट नसला तरी. वय वर्षांत, व्रणांचे आकारमान मिलिलिटरमध्ये आणि दुर्बलता ० ते १० या ईडीएसएस मापनात असेल, तर मोठ्या आकड्यांचे चल (मोजलेल्या बाबी) निकाल आपल्याकडे ओढतात, म्हणून आधी सर्व चलांचे प्रमाणीकरण करावे, म्हणजे ती एका समान मापात आणावीत. ‘गट एकच आहे’ ही शक्यताही तपासावी. त्यासाठी गॅप स्टॅटिस्टिक, म्हणजे मिळालेल्या गटांची गट नसलेल्या यादृच्छिक माहितीशी तुलना करणारे माप, उपयोगी पडते. नमुना पुन्हापुन्हा निवडून तेच रुग्ण एकत्र राहतात का ते पाहावे, आणि आजाराची वर्षे लक्षात घेतल्यावर गटांतील फरक टिकतो का हेही तपासावे. शेवटी, गट पाडताना न वापरलेल्या एखाद्या गोष्टीत, उदाहरणार्थ पुढील दोन वर्षांतील झटक्यांत, फरक दिसला तरच या गटांना वैद्यकीय अर्थ असू शकतो असे म्हणता येईल, आणि तेही दुसऱ्या रुग्णालयातील रुग्णांवर पडताळा होईपर्यंत ‘संभाव्य’ हा शब्द जोडूनच.