पाटीवर ‘पार्सल’ लिहावं का?

प्रश्न : मालवणात आमची खानावळ आहे. ‘पार्सल मिळेल’च्या खाली इंग्रजीत ‘पार्सल अव्हेलेबल’ असं रंगवून घेतलंय. परदेशी पाहुणे पाटी वाचूनही ‘टू गो’ आहे का म्हणून विचारतात. चुकलं कुठे? आणि ‘इथेच जेवणार की नेणार’ हे त्यांना कसं विचारायचं?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आपल्याकडच्या इंग्रजीत पाटी बरोबरच आहे. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला ‘पार्सल’ म्हटलं की पोस्टाने आलेलं पुडकं आठवतं, सुरमईची थाळी नव्हे. तिथे ‘टेकअवे’ रंगवा. शब्द ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन, पण अमेरिकनालाही कळतो. तो स्वतः ‘टेकआउट’ म्हणेल आणि मागताना पदार्थाच्या मागे ‘टू गो’ जोडेल : ‘वन फिश थाळी टू गो’. स्कॉटलंडचा पाहुणा ‘कॅरीआउट’ म्हणाला तर गोंधळू नका, अर्थ तोच. (तिकडे दुकानातून घरी न्यायच्या दारूलाही हाच शब्द आहे.)

विचारताना अमेरिकनाला ‘फॉर हिअर ऑर टू गो?’, ब्रिटिशाला ‘ईट इन ऑर टेक अवे?’. ब्रिटनमध्ये हा प्रश्न करासाठीही विचारतात : थंड सँडविच आत बसून खाल्लं तर २० टक्के व्हॅट, बाहेर नेलं तर बहुधा शून्य.

आता खरी ठेच लागते ती इथे. पाटीवर ‘टेकअवे’ हे जोडून लिहिलेलं नाम. बोलताना ते क्रियापद होतं आणि त्याच्या दोन तुकड्यांच्या मधे ‘इट’ शिरतं. ‘टेक इट अवे’ बरोबर, ‘टेक अवे इट’ चूक. शिवाय वाढप्याने टेबलापाशी येऊन ‘कॅन आय टेक दिस अवे?’ विचारलं, तर पाहुण्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘ताट उचलू का?’ एवढाच. तो मान डोलावतो आणि अर्धी तळलेली सुरमई मोरीत जाते. उरलेलं बांधून द्यायचं असेल तर ‘वुड यू लाइक अ बॉक्स फॉर दिस?’ असं विचारा. ‘डॉगी बॅग’ म्हणजेही उरलेल्या अन्नाची पिशवी, ती कुत्र्यासाठीच असते असं नाही. मात्र नवीन ऑर्डरला तो शब्द वापरत नाहीत.

पाटी पुन्हा रंगवतच आहात, तर खानावळीचं ‘मेस’ केलं असल्यास तेही पुसा. त्यांच्या कानाला ‘मेस’ म्हणजे आधी पसारा.