पिवळं पान आणि ९२ टक्के

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. ऊस शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या तुमच्या ॲपच्या स्क्रीन मिळाल्या, सावकाश पाहिल्या. रंग, अक्षरं, बटणांच्या जागा यांबद्दल मला फारसं बोलायचं नाही; तुझा हात चांगला आहे. पण सोबत तू जो प्रश्न विचारलायस, "शेतकऱ्यांचा एआयवरचा विश्वास कसा वाढवायचा?", तो प्रश्नच मला वाकडा वाटतो. म्हणून पत्र लांबणार.

विश्वास वाढवायचा म्हणजे कुठवर? यंत्र जिथे हमखास चुकतं तिथेही? राजा परशुरामन आणि व्हिक्टर रायली यांनी १९९७ साली स्वयंचलित यंत्रणांवर एक निबंध लिहिला, तो मिळवून वाच. माणूस यंत्रावर गरजेपेक्षा जास्त विसंबला तरी घात, आणि एखाद्या फसव्या इशाऱ्याला वैतागून चांगलं यंत्र बंद करून बसला तरी घात, अशी त्याची मांडणी आहे. पुढे २००४ मध्ये जॉन ली आणि कॅटरिना सी यांनी हाच धागा पुढे नेला: यंत्राची जेवढी कुवत, तेवढाच त्याच्यावर भरवसा बसेल अशी रचना करा. म्हणजे काही स्क्रीनवर तुला भरवसा मुद्दाम कमी करावा लागेल. मीटिंगमध्ये हे बोललीस तर मॅनेजर डोळे वटारेल. तरी बोल.

वापरणारा कोण आहे तेही ध्यानात घे. कारखान्याला ऊस घालणारे आपल्याकडचे कित्येक जण ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर नेतात, तिथली पावती खिशात ठेवतात आणि मग कारखान्याच्या काट्यावरचा आकडा बघतात. लाल अक्षरांत चमकणारा आकडा आणि खरं वजन यांत फरक असू शकतो, हे या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. त्याला तू हिरवी टिकमार्क दाखवून काय गार करणार? (आणि हाच माणूस व्हॉट्सॲपवर आलेली फवारणीची चिठ्ठी वाचून औषधाच्या दुकानात जातो, हेही खरं. भरवशाचं गणित सरळ नसतं.)

आता ती पहिली स्क्रीन. पिवळ्या पडलेल्या उसाचा फोटो, खाली हिरव्या पट्टीत "लोहाची कमतरता, खात्री ९२ टक्के".

हे ९२ कुठून आलं, हे टीममधल्या मुलांना विचारलंस का? न्यूरल नेटवर्क, म्हणजे ढीगभर फोटो बघून ओळखायला शिकलेला प्रोग्राम, शेवटी जो आकडा फेकतं, तो बरोबर असण्याची शक्यताच असेल असं नाही. चुआन गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की आजची मोठी नेटवर्क स्वतःबद्दल वाजवीपेक्षा जास्त खात्री बाळगतात. तेव्हा मोजणी करून घे: ज्या ज्या फोटोंना यंत्र "९२" म्हणालं, त्यांतल्या शंभरांपैकी खरोखर ९२ च्या आसपास बरोबर निघाले का? आणि ही मोजणी आपल्या कोल्हापूर भागातल्या फोटोंवर हवी. शिरोळची खारवट-चोपण रानं वेगळी, चंदगडची तांबडी माती वेगळी. तुमचं मॉडेल, म्हणजे तो शिकलेला प्रोग्राम, कुठल्या रानातल्या फोटोंवर शिकलंय हे कुणालाच धड सांगता येत नसेल, तर आकडा आजच काढून टाक.

मोजणी चांगली निघाली तरी टक्के दाखवायचे की नाही, याचा विचार कर. आपल्याकडे टक्के म्हटलं की दहावीचा निकाल डोळ्यांपुढे येतो. ९२ म्हणजे पोरगं हुशार, पेढे आणा. "अशा बारा-तेरा रानांपैकी एका रानात हे निदान चुकतं" असं लिहिलंस तर वाचणारा जरा थांबेल. त्याने थांबावं हेच आपल्याला हवंय.

पट्टीखाली "असं का?" असं बटण आहे. ते दाबलं की येतं: "आमच्या प्रगत एआयने पानाच्या रंगाचं विश्लेषण करून हा निष्कर्ष काढला आहे." हे वाचून मी हसलो. एलेन लँगर यांचा १९७८ मधला प्रयोग तुला ठाऊक असेल. झेरॉक्सच्या रांगेत मध्ये घुसू द्या म्हणून नुसती विनंती केली तर ६० टक्के लोकांनी वाट दिली. घाई आहे असं कारण दिलं तर ९४ टक्क्यांनी. आणि "मला झेरॉक्स काढायच्या आहेत म्हणून" असं पोकळ कारण दिलं तरी ९३ टक्क्यांनी! रांगेतला प्रत्येक जण झेरॉक्ससाठीच उभा होता. तुझं "असं का?" बटण त्या तिसऱ्या जातीचं आहे. त्याने माणूस मान डोलावेल, पण त्याच्या पदरात काही पडणार नाही.

खरं कारण रानात जाऊन बघता येतं. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सहजी सरकत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आधी दिसते. पान पिवळं पडतं आणि शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं नत्र शेंड्याकडे ओढतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. मग स्क्रीनवर सरळ विचार ना: "पिवळेपणा शेंड्याला आहे की खालच्या पानांना? शिरा हिरव्या आहेत का?" खाली दोन चित्रं. शेतकऱ्याने दिलेलं उत्तर निदानाशी जुळलं नाही, तर यंत्रानेच म्हणावं की माझा अंदाज इथे बसत नाही, पान घेऊन कृषी खात्याच्या माणसाला दाखवा किंवा माती तपासून घ्या. बाहेरच्या काट्याची वाट तूच दाखवून दिलीस, असं समज. लोहासाठी हिराकस फवारायचं की नत्रासाठी युरिया टाकायचा हा शेवटी त्याच्या खिशाचा प्रश्न आहे.

कारण दिलं म्हणजे काम झालं, असंही मानू नकोस. गगन बन्सल आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासात स्पष्टीकरण जोडल्यावर लोक यंत्राचं म्हणणं जास्त मान्य करू लागले, मग ते म्हणणं बरोबर असो वा चूक. त्याच वर्षी झाना बुचिन्का आणि सहकाऱ्यांनी वेगळा उपाय तपासला: माणसाला आधी स्वतःचं मत ठरवायला लावायचं किंवा यंत्राचं उत्तर थोडं उशिरा दाखवायचं. त्याने आंधळेपणाने मान डोलावणं कमी झालं. पण मेख अशी, की ज्या रचनांनी लोकांना सर्वांत जास्त विचार करायला लावला, त्याच लोकांना सर्वांत कमी आवडल्या.

हे तुझ्या टेबलावर येणार आहे. "आधी तुम्हाला काय वाटतं?" असा प्रश्न टाकलास की ॲपचे स्टार उतरतील आणि कुणीतरी आलेख दाखवून तो काढायला सांगेल. माझं मत विचारशील तर प्रत्येक ठिकाणी तो टाकू नकोस, माणसं कंटाळतील. हवामान किंवा बाजारभाव विचारला तर झटकन उत्तर दे. जिथे पैसा जातो, औषध पडतं किंवा पीक मोडायचा सल्ला येतो, तिथे मात्र अडथळा हवाच, आणि तो काढायला तू ठाम नकार दे. औषधाची मात्रा तर भाषेच्या मॉडेलला, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या वाक्यं रचणाऱ्या यंत्राला, लिहूच देऊ नकोस. ती राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशींच्या तक्त्यातून जशीच्या तशी उचल आणि खाली तो तक्ता कुठल्या सालचा ते लिही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात सादर केले आणि ५,००० डॉलर दंड ओढवून घेतला. शिकलेली माणसं होती. पण वाक्यं इतकी सफाईदार की शंकाच आली नाही.

यावरून ॲपमधल्या त्या बोलक्या मदतनीसाकडे, म्हणजे चॅटबॉटकडे, येतो. तुमच्या टीमला त्याला नाव द्यायचंय, फेटा बांधायचाय आणि "काय भावा, कसं काय रान?" असं बोलवायचंय. ऐकायला झकास. मी विरोधात आहे. १९६६ मध्ये एमआयटीतल्या जोसेफ वायझनबॉम यांनी एलिझा हा प्रोग्राम जगापुढे आणला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची करामत. त्यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरी त्याच्याशी चार वाक्यं बोलून झाल्यावर तिने वायझनबॉमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! ज्या बाईला आतली गोम माहीत होती तिची ही गत, तर ज्याला माहीत नाही त्याचं काय होईल? "भावा" म्हणणाऱ्यावर आपला माणूस लगेच मऊ होतो, आणि तो मऊपणा मॉडेलने कमावलेला नसतो.

शब्द मात्र शेतकऱ्याचेच वापर. लागण, खोडवा, निडवा, गुंठा, पाण्याची पाळी, भरणी. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला तुझ्या स्क्रीनवर "पुनरुद्भवित पीक" असं काहीतरी आहे. खोडवा लिही की गं.

पंप चालू-बंद करण्याची स्क्रीन मला सगळ्यांत धोक्याची वाटली, कारण तिथे यंत्र नुसतं बोलत नाही, करतं. "मोटर बंद झाली" असा संदेश कधी उमटतो? आदेश गेल्यावर, की पाणी खरोखर थांबल्यावर? २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा विझला, म्हणजे झडप मिटली, असं कर्मचाऱ्यांनी धरलं. तो दिवा फक्त बंद होण्याचा आदेश गेला एवढंच सांगत होता. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निसटत राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा काही अंशी वितळला. तेव्हा "आदेश पाठवला" आणि "प्रवाह थांबला" हे दोन वेगळे संदेश ठेव. दुसऱ्यासाठी सेन्सर लागेल, खर्च वाढेल. सेन्सर नसेल तर "रानात जाऊन खात्री करा" असं लिहायला लाजू नकोस.

आपल्या राधानगरी धरणाचे दरवाजे बघ. पाणी ठरावीक पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. तरी पंचगंगेकाठचा माणूस गोंधळत नाही. कितव्या क्रमांकाचा दरवाजा उघडला, किती क्युसेक सुटलं हे त्याला लगेच समजतं, आणि राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका हे त्याला पाठ असतं. यंत्राने काय केलं ते कळतं, आणि ते ताडून बघायला दुसरी खूण हाताशी असते. तुझ्या ॲपमध्ये ही दुसरी खूण कुठे आहे, हे प्रत्येक स्क्रीनवर शोध.

एकदा चूक दिसली की लोक ॲप काढून टाकतील, ही तुझी भीती खरी आहे. बर्कली डीटव्होर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तेच पाहिलं: यंत्र माणसापेक्षा सरस असूनही, त्याला चुकताना बघितलं की लोक त्याच्याकडे पाठ फिरवतात. पण पुढच्या अभ्यासात असं दिसलं की उत्तरात थोडा फेरफार करायची मुभा दिली तर लोक चुकणारं यंत्रही वापरतात. म्हणून "नाही, माझ्या रानाला निचरा चांगला आहे" असं सांगायची जागा ठेव, आणि सांगितल्यावर सल्ला बदलतोय हे त्याला दिसू दे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१९ मध्ये काढलेली १८ मार्गदर्शक तत्त्वं तू भिंतीवर लावलीयस म्हणे; त्यातल्या पहिल्या दोनांवरच महिनाभर काम कर. यंत्राला काय येतं, आणि ते किती चांगलं येतं, एवढंच त्यात आहे.

चाचणी राजारामपुरीतल्या एसी ऑफिसात घेऊ नकोस. भर उन्हात, फुटक्या काचेच्या फोनवर घे. बऱ्याच घरांत फोन मुलाच्या किंवा सुनेच्या हातात असतो आणि निर्णय म्हाताऱ्याचा, तेव्हा दोघांना एकत्र बसव. "विश्वास वाटतो का?" हा प्रश्न विचारूच नकोस. घरी आलेल्या पोरीला कोण नाही म्हणणार? "लई भारी हाय की" म्हणतील आणि चहा पाजतील. त्याऐवजी मुद्दाम काही चुकीची निदानं पेरून ठेव. चुकीची किती त्यांनी नाकारली आणि बरोबर किती स्वीकारली, हे दोन्ही आकडे लिहून काढ. चाचणी संपल्यावर कुठली निदानं खोटी होती ते मात्र तिथेच, उठायच्या आधी सांग; नाहीतर कुणीतरी खरंच फवारून बसेल.

आणि "मला माहीत नाही" ही स्क्रीन तू पाठवलीच नाहीस. ती सगळ्यांत आधी कर. फोटो धूसर असेल तेव्हा वेगळी, रोग ओळखीचा नसेल तेव्हा वेगळी, आणि दोन निदानं सारखीच वजनदार असतील तेव्हा वेगळी. तिन्ही झाल्या की धाड. पुढच्या आठवड्यात मी शिरोळकडे जाणार आहे. यायचं असेल तर कळव, स्क्रीन कागदावर काढलेल्या असल्या तरी चालतील.

तुझे,
सर