ख्रिस्ती माणसाने समाधानी राहायचं म्हणजे पगारवाढही मागायची नाही का?

मागा की! समाधानावरचा बायबलमधला सगळ्यात ओळखीचा उतारा, फिलिप्पैकरांस पत्र 4:11-13, प्रेषित पौलाने कैदेत असताना लिहिला. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने आपल्या एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती त्याला मदत पाठवली होती. ती त्याने आनंदाने घेतली आणि त्याच पत्रात लिहिलं की विपुलतेत आणि टंचाईत, दोन्हीत राहायला मी शिकलो आहे. म्हणजे हा गुण त्यालाही आयता मिळाला नव्हता. कॅलेंडरवर छापतात ते 13वं वचन, ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो’, याच भुकेच्या आणि भरल्या पोटाच्या संदर्भातलं आहे, परीक्षेतल्या यशाचं नव्हे.

आणि अन्याय गिळून गप्प बसणं म्हणजे समाधान नाही. याकोबाच्या पत्रात (5:4) मजुरांची अडकवलेली मजुरी देवाकडे ओरडते. हक्काचं जरूर मागा.

रोजच्या सवयीचं म्हणाल तर येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘रोजची भाकर आज आम्हाला दे’ याशी जरा थांबा. तिथे मागणी आजच्यापुरती आहे, पुढच्या वर्षाच्या ईएमआयची नाही. जेवणाआधीची प्रार्थनाही घाईत उरकू नका, ताटातली आमटी-भाकरी नाव घेऊन सांगा. शेजाऱ्याची नवी गाडी तरीही डोळ्यांत खुपेल. तेव्हा तेही देवाला सरळ सांगून टाका, स्तोत्रकर्त्याने 73व्या स्तोत्रात असंच केलं आहे.